फारोचा इन्स्पेक्टर: तुर्भ्याहून निघून परत तुर्भ्याला

मी नौपाड्यात राहते आणि ऐरोलीच्या एका ऑफिसात जावा या प्रोग्रामिंग भाषेत बिलिंगचं काम करते. गेले चार महिने रात्रीची जेवणं आटोपली की मॅकवर फारो 12 उघडून बसते. हा रिव्ह्यू सगळ्या फारोचा नाही, त्यातल्या इन्स्पेक्टर या एकाच खिडकीचा आहे. एकमेकांकडे बोट दाखवणारी, फिरून स्वतःपाशीच येणारी ऑब्जेक्ट्स, म्हणजे प्रोग्राममधल्या वस्तू, तपासताना ती कशी साथ देते, एवढंच मला सांगायचंय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. फारो म्हणजे स्मॉलटॉक. झेरॉक्स कंपनीच्या पार्क या संशोधन केंद्रात 1970 च्या दशकात अ‍ॅलन के, डॅन इंगल्स, अडेल गोल्डबर्ग यांच्या गटाने घडवलेली ही भाषा. तिच्यातून 1996 साली स्क्वीक आलं आणि स्क्वीकमधून 2008 साली फारो वेगळं झालं. एमआयटी लायसन्स आहे, पैसे पडत नाहीत. प्रोग्राम, एडिटर, डिबगर (चुका शोधायचं साधन), सगळी एकाच इमेजमध्ये, म्हणजे जशीच्या तशी साठवता येणाऱ्या एका फाइलमध्ये, जिवंत असलेली ऑब्जेक्ट्स. म्हणून चालू प्रोग्राममधली कुठलीही वस्तू उचलून आतून बघता येते.

सरावासाठी मी रोजचीच लाइन घेतली, ठाणे आणि नवी मुंबई जोडणारी लोकलची ट्रान्स हार्बर. स्टेशन नावाचा एक क्लास, म्हणजे वस्तूंचा साचा, त्यात दोनच गोष्टी: नाव आणि शेजारी. 'जोड' ही मेथड (वस्तूला सांगायचं एक काम) दोन्ही स्टेशनांना एकमेकांच्या यादीत टाकते. ठाण्याच्या यादीत ऐरोली, ऐरोलीच्या यादीत ठाणे. इथेच गाठ पडते.

आधी मी छापण्याची मेथड भाबडेपणाने लिहिली: स्वतःचं नाव, मग कंसात शेजारी. प्लेग्राउंड या कोड चालवून बघायच्या खिडकीत छापण्यासाठी कमांड-पी दाबलं आणि समोर आलं: ठाणे (ऐरोली (ठाणे (ऐरोली (ठाणे... रबाळे शेवटपर्यंत आलंच नाही, कारण ऐरोलीच्या यादीत पहिलं नाव ठाण्याचं. जावात अशा जागी स्टॅक ओव्हरफ्लो होऊन प्रोग्राम आपटतो. फारोत छापील मजकुराला 50,000 अक्षरांची मर्यादा आहे. तिथे तो थांबला, शेवटी तीन टिंबं, 'इटीसी', पुन्हा तीन टिंबं लावली आणि पुढच्या कामाला मोकळा झाला. मला हे फार आवडलं. पण संपूर्ण लाइन काही दिसली नाही, आणि वर्तुळाकार रचना छापून बघायचीच नसते हे त्या पानभर कंसांनी मला पटवलं. मेथडमध्ये फक्त नाव ठेवलं आणि कमांड-आय दाबून इन्स्पेक्टर उघडला.

इन्स्पेक्टर रकान्यांनी पुढे जातो. डावीकडे एखादी ओळ निवडली की ती वस्तू उजवीकडच्या नव्या रकान्यात उघडते. तुम्ही निवडाल तेवढंच उघडतं, पुढचं आपणहून धावत नाही, त्यामुळे रचना कितीही गोल असली तरी तो अडकत नाही. ठाण्याहून निघून ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे करत मी तुर्भ्याला पोचले. तिथल्या यादीत तीन नावं: कोपरखैरणे, सानपाडा, जुईनगर. वाशीची गाडी सानपाड्याकडे वळते, नेरूळ-पनवेलची जुईनगरकडे, आणि सानपाडा-जुईनगर हार्बर लाइनवर शेजारी आहेतच. म्हणजे हा खराखुरा त्रिकोण. तुर्भ्याहून सानपाडा, तिथून जुईनगर, तिथून पुन्हा तुर्भे.

आता हे तुर्भे तेच की दुसरं? प्रत्येक रकान्याखाली कोड लिहायची जागा असते आणि तिथे 'सेल्फ' म्हणजे त्या रकान्यातली वस्तू. शेवटच्या तुर्भ्याचं नाव मी बदललं, सहा रकाने मागे गेले, रिफ्रेश दाबलं. तिथेही नाव बदललेलं! एकच वस्तू, दोन वाटांनी भेटलेली. पॉइंटरवरची (वस्तूकडे बोट दाखवणाऱ्या पत्त्यांवरची) व्याख्यानं मी कॉलेजात भरपूर ऐकली होती, पण हे समोर घडताना पाहिल्यावर अंगावर काटा आला.

मुलगी मागून डोकावली. "आई, दिघा गाव कुठंय?" माझ्या डोक्यात जुनाच नकाशा होता, ते स्टेशन 2024 च्या जानेवारीत सुरू झालं. चालू इन्स्पेक्टरमध्येच मी दिघा गाव तयार केलं, ठाणे आणि ऐरोली दोघांना जोडलं, ठाण्याच्या यादीतून ऐरोली काढलं. ठाण्याहून निघाले: दिघा गाव, ऐरोली, छान. मग रबाळ्याकडून उलट्या दिशेने आले तर ऐरोलीच्या यादीत तीन नावं. ठाणे तिथे तसंच होतं, माझ्या हातून एक बाजू काढायची राहिली होती. जाताना गाडी दिघा गावला थांबत होती, येताना ऐरोलीहून थेट ठाणे! असली चूक एका दिशेने बघून कधीच सापडत नाही. आमच्या बिलिंगमधल्या ग्राहक आणि करारांच्या जोड्यांमध्ये याच जातीची एक चूक मी एकदा दोन दिवस शोधत होते. इथे ती पाच मिनिटांत दिसली, कारण उलटं चालायला काहीच खर्च नव्हता.

थांबे मोजणारी मेथड लिहिताना पुन्हा गरगर झाली. मेमरी चढायला लागली तेव्हा प्रोग्राम थांबवायला कमांड आणि टिंब दाबलं. डिबगर उघडला, एकाच मेथडची लांबलचक रांग. एकेक ओळ निवडली की सेल्फ आळीपाळीने ठाणे आणि दिघा गाव. पाहिलेली स्टेशनं आयडेंटिटीसेटमध्ये, म्हणजे 'तीच वस्तू का' एवढंच बघणाऱ्या संचात, टाकल्यावर ते थांबलं. साधा सेट नाही, कारण तो समानता विचारतो, आणि समानता कुणी शेजाऱ्यांवरून ठरवली तर पुन्हा तोच फेरा. पनवेलपर्यंत पहिलं उत्तर 16 स्टेशनं आलं, खरी 15. माझी मेथड सानपाड्यावरून वळसा घालून गेली होती.

आता उणिवा. आधी उघडलेली वस्तू पुन्हा समोर आली तर इन्स्पेक्टर त्यावर कसलीही खूण करत नाही. वर्तुळ पूर्ण झालंय हे तुम्हीच ओळखायचं, आणि माझ्या मते ही मोठी कमतरता आहे. रॉ टॅबमध्ये ऑर्डर्डकलेक्शन (शेजाऱ्यांची यादी असते ती वस्तू) उघडलं तर आतला अ‍ॅरे, पहिला-शेवटचा इंडेक्स आणि रिकाम्या जागांचे निल ('काही नाही' ही खूण) दिसतात; नवख्याने सरळ आयटम्स टॅबवर जावं. लॅपटॉपच्या पडद्यावर रकाने अरुंद पडतात आणि मागचं सरकून दिसेनासं होतं.

पण त्यावर उपायही आतच आहे. स्टेशन क्लासमध्ये पाच-सहा ओळींची मेथड लिहून, तिला टॅबचं नाव आणि क्रमांक सांगणारा प्रॅग्मा (मेथडला जोडायची खूणचिठ्ठी) लावला की इन्स्पेक्टरमध्ये आपला स्वतःचा टॅब येतो. माझ्या 'शेजारी' टॅबमुळे मधला कलेक्शनचा, म्हणजे यादीचा, रकाना गळाला आणि तुर्भे ते तुर्भे सहाऐवजी तीन रकान्यांत झालं. (असे टॅब हाच ज्याचा कणा आहे ते ग्लॅमरस टूलकिटही फारोवरच उभं आहे, मी सध्या साध्या फारोवर खूश आहे.)

काल दुसरा टॅब लिहिला, 'एकतर्फी'. जे शेजारी मला शेजारी मानत नाहीत त्यांची यादी. खात्रीसाठी जुनी चूक मुद्दाम परत केली आणि ऐरोली उघडलं: ठाणे, एकच नाव. ते काढून रिफ्रेश केलं, यादी रिकामी. मग पनवेलपर्यंत एकेक स्टेशन उघडून पाहिलं.