रेंट रिबेटच्या अर्जात माझे ९५५ डॉलर गेले

आठ महिने मी हे घरच्या-ओळखीच्या कोणाला सांगितलं नव्हतं, मुलालासुद्धा नाही. मग २०२५ च्या मे महिन्यात मी कधी न घेतलेल्या क्रेडिट कार्डाचं १,९१२ डॉलरचं बिल माझ्या नावावर दारात आलं आणि तोंड उघडावंच लागलं. पेनसिल्व्हेनियात माझ्यासारखे भाड्याच्या घरात एकटे राहणारे मराठी ज्येष्ठ बरेच आहेत. त्यांच्यासाठी लिहिते आहे.

मी ६८ वर्षांची. यजमान गेल्यावर एका बेडरूमचं घर भाड्यानं घेतलं, महिना ९५० डॉलर. शाळेच्या किचनमध्ये अर्धवेळ काम करते, बाकी सोशल सिक्युरिटी, म्हणजे सरकारी पेन्शन. राज्याची प्रॉपर्टी टॅक्स-रेंट रिबेट योजना बहुतेकांना ऐकून माहीत असते. वय ६५ च्या पुढे, विधवा-विधुरांना ५० च्या पुढे. घर स्वतःचं असेल तर घरपट्टीतले पैसे परत मिळतात, भाड्याचं असेल तर भाड्यातले. २०२३ सालच्या अर्जांसाठी उत्पन्नाची मर्यादा ४५,००० डॉलर होती आणि सोशल सिक्युरिटी त्यात निम्मीच धरतात. माझा हिशेब १२,८०० वर बसत होता, म्हणजे मला ७७० डॉलर मिळायला हवे होते.

हे सगळं मला ज्या माणसानं माझा अर्ज भरला त्यानंच सांगितलं, आणि ते खरं होतं. रक्कम बरोबर, वयाची अट बरोबर, पीए-१००० हे फॉर्मचं नाव बरोबर. भाड्याच्या दाखल्यावर घरमालकाची सही लागते हेही बरोबर. मी घरी येऊन एकेक गोष्ट पडताळली होती. आता कोणी म्हणतं "तुम्हाला कळलं कसं नाही", तेव्हा मला विचारावंसं वाटतं, यात संशय कशाचा घ्यायचा होता?

तो भेटला २०२४ च्या गुढीपाडव्याच्या कार्यक्रमात. चाळिशीचा, बोलणं अगदी घरातल्यासारखं. "काकू, तुम्ही रिबेट घेतच नाही? दरवर्षी हक्काचे पैसे सोडताय." पुढच्या शनिवारी तो घरी आला. अर्ज भरायचे १२० डॉलर, शिवाय "तुमचं काम आधी लावून घेतो" म्हणून ६५. एकूण १८५, रोख. पावती मी मागितली नाही, आपल्या माणसाकडे पावती कशी मागायची?

हा अर्ज भरायला एक सेंटही लागत नाही. ज्येष्ठांच्या केंद्रात, आमदाराच्या ऑफिसात, महसूल खात्याच्या जिल्हा कार्यालयात फुकट भरून देतात. जो पैसे मागेल त्याला दारातूनच परत पाठवा.

आता ती वेळ, जी आठवली की आजही झोप उडते. फॉर्म टेबलावर, शेजारी माझं चेकबुक. परतावा थेट खात्यात जमा व्हावा म्हणून फॉर्मवर बँकेचे नंबर लिहायची जागा असते. त्यानं लिहिलेला नंबर मी पाहिला. माझ्या खात्याचे शेवटचे आकडे मला तोंडपाठ आहेत, ते तिथे नव्हते. मी पाहिलं! मी बोलले सुद्धा, "अहो, हा माझा नंबर नाही." तो म्हणाला, "काकू, हा प्रोसेसिंगचा नंबर, आधी तिथे जमा होतात, मग तुमच्याकडे येतात." आणि पान उलटून सहीच्या जागी बोट ठेवलं. मी सही केली. वीस वर्षं यजमानांबरोबर दुकानाचा हिशेब सांभाळलेली बाई मी, चेकबुक हातात असताना सही केली. मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचं होतं, अक्षरं पुसट दिसत होती, हे खरं आहे. पण आकडे दिसले होते.

रिकाम्या किंवा दुसऱ्याच्या नंबरच्या फॉर्मवर सही करू नका. सही करण्याआधी पूर्ण अर्जाचा फोटो काढा, आणि तो काढू देत नसेल तर सही करू नका.

परतावे १ जुलैपासून सुटतात. जुलै गेला, ऑगस्ट गेला. फोन केला की "काकू, यंदा गर्दी आहे." सप्टेंबरमध्ये तो नंबरच बंद झाला. महसूल खात्याकडे चौकशी केली तर उत्तर आलं, पैसे दिलेले आहेत.

त्यानंतरचे हेलपाटे त्या माणसापेक्षा जास्त झोंबले. बँकेत गेले तर म्हणाले, पैसे तुमच्या खात्यात आलेच नाहीत, मग आमच्याकडे तक्रार कसली? पोलिसांकडे गेले. तिथल्या तरुण अधिकाऱ्यानं फॉर्मची प्रत पाहून विचारलं, ही सही तुमचीच ना? हो म्हटल्यावर वहीच मिटली, हा तुमचा आपसातला व्यवहार म्हणाला. एका सरकारी कार्यालयात पोलीस रिपोर्टचा नंबर मागितला. पोलीस रिपोर्ट लिहायला तयार नाहीत, हे सांगितलं तर "मग आम्ही पुढे जाऊ शकत नाही." तीन बस बदलून जायचं आणि हे ऐकून परत यायचं. चौथ्या खेपेला एका बाईनं माझ्यासमोर सहकाऱ्याला हळूच म्हटलं, सातशे डॉलरसाठी केवढा त्रास. सातशे सत्तर. माझं साडेतीन आठवड्यांचं भाडं.

सोशल सिक्युरिटी नंबर त्याच्याकडे गेला होता, म्हणून ते १,९१२ चं कार्ड निघालं. मी तेव्हाच इक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि ट्रान्सयुनियन या कर्जाची नोंद ठेवणाऱ्या तिन्ही कंपन्यांकडे क्रेडिट गोठवायला हवं होतं, म्हणजे माझ्या नावावर दुसऱ्याला कार्ड काढता आलं नसतं. ते फुकट होतं. लाजेपायी आठ महिने काढले. कार्डाचं प्रकरण मुलानं फेडरल ट्रेड कमिशनच्या आयडेंटिटीथेफ्ट डॉट गव्ह या साइटवर नोंदवलं, तिथला अहवाल दाखवल्यावर कंपनीनं बिल थांबवलं. रिबेटचे ७७० आणि त्याला दिलेले १८५, असे ९५५ मात्र गेले ते गेलेच.

त्या शनिवारी तो मला म्हणाला होता की सकाळपासून दोन घरं करून आलोय, दोन्हीकडे आजीच होत्या. त्या दोघींची नावं मला माहीत नाहीत. तुमच्या ओळखीत असतील तर त्यांना हे वाचून दाखवा, आणि फॉर्मवरचा नंबर चेकबुकाशी आजच ताडून पाहायला सांगा.