सात महिने 'एपिटाफ'सोबत

पहिल्या आठवड्यात हा अनुभव लिहिला असता तर एका ओळीत आटपला असता: मिक्सरमध्ये चमचा राहिलाय, कोणीतरी बंद करा. बरं झालं तेव्हा लिहिलं नाही.

नेक्रोफाजिस्ट हा जर्मनीतला डेथ मेटल (मेटलची गुरगुरत्या गळ्याची, जहाल जात) वाजवणारा बँड. म्होरक्या मुहम्मद सुइचमेझ, तुर्की वंशाचा. गिटार आणि गळा दोन्ही त्याचेच. 'एपिटाफ' हा त्यांचा 2004 चा अल्बम, रिलॅप्स रेकॉर्ड्सने काढलेला. आठ गाणी, जेमतेम 33 मिनिटं. तळेगावहून लोकल पकडली की खडकीच्या आसपास संपतो, म्हणून रोज सकाळी एकदा ऐकायचा असा नेमच पडला. उभं राहायलाही जागा नसते त्या डब्यात हे संगीत अजिबात विसंगत वाटत नाही.

पहिला महिना नुसता वेग ऐकू आला. 'स्टॅबवाउंड' तीन मिनिटांच्या आत संपतं आणि तेवढ्यात इतकं काही घडून जातं की संपल्यावर आपण नेमकं काय ऐकलं ते सांगता येत नाही. शाळेत असताना मी तबल्याची प्रवेशिका पूर्ण दिली होती, पुढे दहावी आडवी आली. त्या जोरावर मांडीवर मात्रा मोजायला गेलो आणि दर वेळी सम हुकायची. पहिल्यांदा रूपक ताल शिकताना समेवरच 'खाली' (टाळी न देता हात मोकळा सोडायची जागा) येते आणि हात हवेत राहतो ना, अगदी तसं.

मग एका रविवारी वेग पाऊणपट करून ऐकलं. शुद्धतावादी नाक मुरडतील, पण माझं कुलूप तिथेच उघडलं. गिटारचा तुकडा एकदा येतो, पुन्हा येताना शेपूट बदलून येतो, तिसऱ्यांदा त्याच्या खालचे ड्रम बदललेले असतात. गोंधळ वाटत होता तो गोंधळ नव्हताच. उलट इतकं नेटकं, घडी घातल्यासारखं रचलेलं दुसरं काही मी या जातीत ऐकलेलं नाही. आणि चाली चक्क गुणगुणता येतात! डेथ मेटलबद्दल असं म्हणणं जरा लाजिरवाणं आहे, पण भांडी घासताना सोलो तोंडात येतात. सुइचमेझ आणि दुसरा गिटारवादक क्रिस्टियान म्युन्झनर या दोघांच्या सोलोंमध्ये पाश्चात्य शास्त्रीय संगीताची छाया स्पष्ट दिसते. 'ओन्ली अ‍ॅश रिमेन्स'च्या शेवटी तर रशियन संगीतकार प्रोकोफिएव्हच्या 'रोमिओ अँड ज्युलिएट' बॅलेमधला सरदारांच्या नाचाचा तुकडा सरळ येऊन उभा राहतो. एकदा घरी स्पीकरवर लावलेलं असताना नेमका तिथेच आईने स्वयंपाकघरातून विचारलं, "हे छानय, कोणाचंय?" त्याआधीची चार मिनिटं तिने दार लावून घेतलेलं होतं.

बासबद्दल वेगळं सांगायला हवं. एरवी अशा अल्बमांत बास गिटार आहे हे आतल्या पुस्तिकेवरूनच कळतं. इथे श्टेफान फिमर्सचा बास स्वतंत्र ऐकू येतो, फक्त साधन बरं हवं. माझ्या जुन्या ब्लूटूथ इअरबडवर तो गायब होता आणि झांजा तळणीसारख्या तडतडत होत्या. वायरवाले, कानभर बसणारे हेडफोन घेतल्यावर अर्धा अल्बम नव्याने कळला.

आता तक्रारी. ड्रमचा आवाज मला कोरडा वाटतो. हानेस ग्रोसमन वाजवतो भन्नाट, पण स्नेअरचा (कडकडणाऱ्या मुख्य ड्रमचा) आवाज इतका आखूड की त्याच्यामागे माणूस आहे हे विसरायला होतं. आधीच्या 'ऑनसेट ऑफ प्युट्रिफॅक्शन'मध्ये (1999) ड्रम खरोखरच यंत्राचे होते. इथे हाडामांसाचा वादक असून तो यंत्राशी शर्यत लावल्यासारखा ठेवलाय. गळ्याचंही तेच. खर्जातली ती गुरगुर पहिल्या गाण्यापासून शेवटपर्यंत एकाच पट्टीत, एकाच भावात. विषय मरणाचा, पण मला भीती कधी वाटली नाही. थक्क व्हायला झालं, तेवढंच. चौथ्या-पाचव्या महिन्यात याचा कंटाळाही आला. तीन आठवडे बंद ठेवला.

परत लावला तेव्हा 'डिमिनिश्ड टू बी'ने धरलं. नावातच कोटी आहे: 'डिमिनिश्ड' ही स्वरसंगतीची एक जात, 'बी' हा स्वर, आणि उच्चारात 'असणं'ही. आता माझं सगळ्यात आवडतं तेच.

गाडी चालवताना लावू नका. मी एकदा चाकणच्या रस्त्यावर लावला आणि पाय आपोआप जड झाला. अभ्यास करतानाही नको. डोकं दुखत असेल तर चालतो, का ते विचारू नका. नव्याने सुरुवात करणाऱ्याने 'स्टॅबवाउंड' सोडून थेट 'ओन्ली अ‍ॅश रिमेन्स'कडे जावं, मग उलटं यावं.

तिसरा अल्बम आलाच नाही. म्युन्झनर आणि ग्रोसमन पुढे ओब्स्क्युरा या बँडमध्ये गेले, त्यांचा 2009 चा 'कॉस्मोजेनेसिस' मी आता लोकलमध्ये सुरू केलाय. तो मात्र खडकीला संपत नाही, शिवाजीनगरला उतरताना मधेच तोडावा लागतो.