एक पाय कण्यातल्या भुलीचा, एक पाय जागेवरच्या

माझ्या डाव्या पायाच्या फुगलेल्या शिरा २००८ साली काढल्या आणि उजव्याच्या गेल्या जानेवारीत बंद केल्या. सत्तावीस वर्षं फळ्यासमोर उभं राहण्याची ही कमाई. त्यामुळे ‘फुगलेल्या शिरांच्या उपायांत जास्त कुठला दुखतो?’ असं कुणी विचारलं की मला घरच्या घरी दोन्ही पायांची साक्ष काढता येते.

डाव्याला पाठीत सुई देऊन कमरेखालचं सगळं बधिर केलं होतं. जांघेत छेद, खाली दुसरा छेद, मधली शीर ओढून बाहेर. टेबलावर काही म्हणजे काही कळलं नाही. हिशेब नंतर चुकता झाला. संध्याकाळपर्यंत पाय जणू शेजारणीचे. लघवी अडली म्हणून नळी घालावी लागली. रात्री भूल उतरली आणि ठणका सुरू झाला. मांडी पिकल्या जांभळासारखी काळीनिळी. शाळेत उभी राहायला तीन आठवडे गेले. घोट्याच्या आतल्या बाजूला रुपयाएवढी जागा आजही बधिर आहे, कारण गुडघ्याखाली तिथली नस शिरेला अगदी बिलगून जाते.

उजव्याला रेडिओफ्रिक्वेन्सी, म्हणजे शिरेत तार घालून ती आतून तापवून बंद करणं; भूल फक्त शिरेभोवती. सकाळी फोंड्याहून निघाले, दुपारच्या जेवणाला घरी. पण ‘काही दुखत नाही हो’ असं जे सांगतात, ते अर्धंच सांगतात. या प्रकारात दुखतं ते भूल देताना. लिग्नोकेन हे बधिर करणारं औषध भरपूर सलाईनमध्ये पातळ करून, त्यात ॲड्रेनलिन घालून, सोनोग्राफीत बघत बघत शिरेच्या कडेनं गुडघ्यापासून जांघेपर्यंत भरत नेतात. मी अकरा टोचण्या मोजल्या, मग नाद सोडला. पहिल्या तीन चुरचुरल्या, पुढच्यांना नुसता दाब आणि गारवा. त्यात सोडा-बायकार्ब घातलं तर चुरचुर बरीच कमी होते. घालतात का, हे आधी विचारून ठेवा. हे पाणी बधिर करतं, शीर आवळून धरतं आणि उष्णता आजूबाजूला पोचू देत नाही. आत १२० अंश तापमान असतं, एकेका टप्प्याला २० सेकंद. गुडघ्यापाशी मला एकदम चटका जाणवला. ‘डॉक्टर, भाजतंय’ म्हटल्यावर त्यांनी थांबून आणखी पाणी भरलं. कण्यातल्या भुलीत हे सांगायला मला कळलंच नसतं. माझ्या मते जागेवरच्या भुलीचा खरा फायदा हाच, लवकर घरी जाणं नंतरचं.

लेझरनंही शीर तापवूनच बंद करतात आणि भूलही हीच, त्यामुळे टेबलावरचं दुखणं सारखंच. फरक पुढच्या दहा दिवसांत. जुन्या ८१० किंवा ९८० नॅनोमीटर तरंगलांबीच्या लेझरनंतर रेडिओफ्रिक्वेन्सीपेक्षा जास्त दुखतं आणि जास्त काळंनिळं होतं. १४७० चं लेझर आणि चहूबाजूंनी उष्णता सोडणारी तार असेल तर हा फरक फारसा उरत नाही. म्हणून नुसतं ‘लेझर आहे’ यावर समाधान मानू नका, आकडा विचारा. दोन्हींत साधारण आठवड्याने मांडीच्या आत दोरी ताणल्यासारखी ओढ लागते. ती शीर आक्रसत असते. मला कोणी आधी सांगितलं नव्हतं, म्हणून एक रात्र उगाच घाबरून काढली.

माझ्या जावेनं ग्लू घेतला. शीर चिकटवतात, उष्णता नाही, म्हणून ते पाणी भरणंही नाही. सुई घालायच्या जागी एक टोचणी आणि संपलं. स्टॉकिंगही (पाय आवळून धरणारा घट्ट मोजा) बहुधा लागत नाही, आणि मे महिन्याच्या म्हापशात ही चैनच म्हणायची. पण आठव्या दिवशी शिरेवर लाल, खाजरा पट्टा उठला. ग्लूला काहींचं अंग असं उठतं. गोळ्यांनी बसला, तरी ग्लू आत राहतोच, आणि बिल सगळ्यांत मोठं. ॲलर्जीची प्रकृती असेल तर मी या वाटेला जाणार नाही.

फोम, म्हणजे शीर बंद करणाऱ्या औषधाचा फेस टोचणं, सगळ्यांत कमी दुखतो, भूलही लागत नाही. मात्र पुन्हा पुन्हा जावं लागू शकतं आणि कातडीवर तपकिरी डाग राहू शकतात. उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या इंग्लंडच्या नाइस (NICE) संस्थेनं २०१३ साली क्रम लावला तो असा: आधी उष्णतेचे उपाय, ते जमत नसतील तर फोम, मग शस्त्रक्रिया.

सुईची धास्तीच असेल तर झोपेचं इंजेक्शन मागता येतं. मग उपाशी जा आणि परत न्यायला माणूस ठेवा. त्याहून स्वस्त उपाय इंग्लंडच्या सरे विद्यापीठानं ३९८ रुग्णांवर तपासला होता. हातात दाबायला मऊ चेंडू दिला तर दुखणं कमी जाणवलं, शेजारी नर्स बोलत बसली तरी तेच. नुसत्या संगीताचा काही उपयोग झाला नाही. मी नर्सबाईंशी माटोळीच्या (गणपतीवर बांधतात त्या) फळांवर गप्पा मारल्या.

घरी आल्यावर झोपून राहू नका, चाला; चालण्यानेच ओढ सुटते. आयबुप्रोफेन चांगली लागू पडते, पण अल्सर, किडनीचा त्रास किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. एकाच पायाची पोटरी सुजून कडक झाली किंवा धाप लागली, तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटल गाठा.

तारीख घेताना चवथ (गणेशचतुर्थी) बघून घ्या. नेवऱ्या (करंज्या) तळायला दोन दिवस चुलीपुढे उभं राहायचं असेल तर महिनाभर आधी उरका. गोवा सरकारच्या आरोग्य योजनेचं दीनदयाळ कार्ड असेल तर आपला प्रकार त्यात बसतो का, हे टेबलावर चढण्याआधी विचारा.