युरेल पास आणि रात्रीच्या बोटी: भूमध्य समुद्राकाठी दोन महिने फिरल्यावर

आम्ही दोघं साठीच्या पुढचे. युरेल म्हणजे युरोपातल्या अनेक देशांच्या रेल्वेला एकत्र चालणारा पास. त्याच्या ग्लोबल पासातला 'दोन महिन्यांत पंधरा प्रवासदिवस' हा प्रकार घेऊन वसंतात झाग्रेबहून निघालो आणि क्रोएशिया, दक्षिण इटली, सिसिली करत अथेन्सला पोचलो. परत येऊन बरेच महिने झाले, तरी ओळखीचे लोक अजून विचारतात, म्हणून सविस्तर लिहितेय. मत आधीच देते. पास चांगला आहे, पण भूमध्य समुद्र बघायचा तर त्याला रात्रीच्या बोटींची जोड हवीच. या किनाऱ्यावरची शहरं एकमेकांकडे बोटीनेच येत-जात मोठी झाली. विमानाने गेलं की प्रत्येक शहर सुटं दिसतं. बोटीने आणि गाडीने गेलं की एका शहरात सुरू झालेली गोष्ट दुसऱ्या शहरात पुढे चालू राहते.

पासाचं गणित आधी समजून घ्या. युरेल युरोपाबाहेर राहणाऱ्यांसाठी आहे. तिथल्या रहिवाशांसाठी इंटररेल. साठी ओलांडलेल्यांना दहा टक्के सवलत मिळते. पास मोबाइलमध्येच राहतो, ज्या दिवशी प्रवास त्या दिवशी अ‍ॅपमध्ये गाडी निवडायची आणि तपासनिसाला क्यूआर कोड दाखवायचा. रात्रीची थेट गाडी असेल तर ती निघाली तो एकच दिवस खर्ची पडतो. आता महत्त्वाचं: इटलीतल्या वेगवान गाड्यांना पास असूनही आरक्षणाचे पैसे वेगळे भरावे लागतात. स्थानिक 'रेजोनाले' गाड्यांना आरक्षण लागत नाही, पण त्यांची तिकिटं मुळातच स्वस्त असतात. तासाभराच्या प्रवासासाठी पासातला दिवस जाळू नका, सरळ तिकीट काढा. नेपल्सहून पॉम्पेईला जाणारी चिर्कुमवेझुवियाना आणि बारीहून मातेराला जाणारी छोटी रेल्वे, या दोन्हींवर हा पास चालत नाही.

क्रोएशियाच्या किनाऱ्यावरच्या स्प्लिटपर्यंत पास चालला. डायोक्लेशन या रोमन सम्राटाने इ.स. ३०५ च्या सुमारास निवृत्तीनंतर राहायला बांधलेला राजवाडा म्हणजेच तिथलं जुनं गाव. आत माणसं राहतात, कपडे वाळत घालतात, दुकानं चालवतात. आमची खोलीही तटाच्या आत होती. या सम्राटाने ख्रिश्चनांचा भयंकर छळ केला, आणि पुढे त्याच्याच समाधीचं कॅथीड्रल झालं. ते आतून बघताना इतिहासाचा हा न्याय मला फार मोठा वाटला. शक्य असेल तर खांबांच्या चौकात सकाळी सातच्या आत जा.

डुब्रोवनिकला रेल्वे नाही, बसनेच जावं लागतं. २०२२ मध्ये पेल्येशाट्सचा पूल झाल्यापासून वाटेत बोस्नियाची हद्द ओलांडावी लागत नाही. तटबंदी जवळपास दोन किलोमीटर, वरून पूर्ण फेरी मारता येते. छपरांवरची लालभडक कौलं १९९१-९२ च्या तोफमाऱ्यानंतर नव्याने घातलेली, मळकट दिसतात ती जुनी. या नगराचा रक्षक संत म्हणजे सेंट ब्लेझ. गोव्यात गवंडाळीला याच संताचं चर्च आहे, आणि त्याचं नातं इथल्या जुन्या रागुसा प्रजासत्ताकाच्या व्यापाऱ्यांशी सांगितलं जातं. गोव्याला जाणाऱ्यांनी ते जरूर बघावं. मोठ्या जहाजांतून दुपारी इतकी गर्दी उतरते की गल्लीत पाय ठेवायला जागा उरत नाही. दोन रात्री पुरेत.

तिथून बारीला रात्रीची बोट. ती हंगामीच असते आणि वसंतात रोज नसते, म्हणून आधी बोटीची तारीख ठरवा आणि बाकी बेत तिच्याभोवती बसवा. तरुण मंडळी डेकवर किंवा खुर्चीत रात्र काढतात. आमच्या वयाच्या लोकांनी बिनखिडकीची का होईना, केबिनच घ्यावी. हॉटेलची एक रात्र वाचते आणि सकाळी माणूस ताजा उतरतो. खाणं मात्र बरोबर न्या.

नेपल्समध्ये इतर सगळं बाजूला ठेवून पुराणवस्तू संग्रहालय गाठा. मंगळवारी ते बंद असतं. तिथल्या 'गुप्त दालना'त वीतभर उंचीची एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे. दोन्ही बाजूंना दासी, अंगभर दागिने, कमरेला मेखला. १९३८ मध्ये ती पॉम्पेईच्या एका घरात सापडली, आणि पॉम्पेई व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गेलं इ.स. ७९ मध्ये, म्हणजे त्याआधीच ती इथवर पोचलेली होती. पॉम्पेईची लक्ष्मी म्हणून ती ओळखली जाते. बरेच अभ्यासक तिला यक्षी म्हणतात. याच घडणीचं हस्तिदंती काम आपल्याकडे तेरला आणि भोकरदनला सापडलेलं आहे, त्यामुळे ती सातवाहनांच्या दख्खनमधून गेली असावी, हे मत मला पटतं. उलट दिशेचा पुरावाही आपल्याकडे आहे: कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीच्या उत्खननात मिळालेली, पोसायडन या समुद्रदेवाची कांस्यमूर्ती. ह्यांनी कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात ती लहानपणी पाहिली होती. नेपल्सच्या त्या काचेसमोर आम्ही किती वेळ उभे होतो ते सांगता येणार नाही. मराठवाड्यातल्या कारागिराच्या हातची असू शकेल अशी वस्तू, आणि समोर व्हेसुव्हियस! मराठी माणसाने युरोपात काय बघावं असं कुणी विचारलं, तर मी आयफेल टॉवरच्या आधी हिचं नाव घेईन.

पॉम्पेईत आता दिवसाला वीस हजारच लोकांना सोडतात, तिकिटावर नाव असतं. आधी ऑनलाइन काढा, पासपोर्ट जवळ ठेवा.

या पासावरचा सगळ्यात आनंदाचा प्रवास म्हणजे नेपल्सहून सिसिलीला जाणारी इंटरसिटी. व्हिला सान जोव्हानीला गाडी थांबते, तिचे डबे वेगळे करतात आणि रुळांवरून सरळ बोटीच्या पोटात ढकलतात. सामान जागेवर ठेवून वर डेकवर जाता येतं. सामुद्रधुनी अरुंद जागी तीनच किलोमीटर रुंद आहे, पण डबे सोडणं-जोडणं धरून बराच वेळ जातो, आणि तो जावाच. ह्यांचं आयुष्य रेल्वेच्या नोकरीत गेलं, त्यामुळे प्रत्येक कपलिंग त्यांनी वाकून पाहिलं. पलीकडच्या मेसिनापर्यंत पूल बांधायची चर्चा वर्षानुवर्षं चालू आहे. तो होण्याआधी हा प्रवास करून घ्या.

सिसिलीतल्या सिराक्यूजला आम्ही सर्वांत जास्त राहिलो. ऑर्तिजिया बेटावरचं कॅथीड्रल बाहेरून बरोक, म्हणजे नक्षीदार भपकेबाज शैलीचं, कारण १६९३ च्या भूकंपानंतर त्याचा दर्शनी भाग नव्याने बांधला. आत शिरलं की भिंतीतच डोरिक, म्हणजे जुन्या ग्रीक शैलीचे, जाडजूड खांब दिसतात. इसवीसनापूर्वी पाचव्या शतकातलं ते अथेनाचं मंदिर. खांबांमधल्या जागा चिणून त्याचं चर्च केलं. अडीच हजार वर्षं एकाच जागी पूजा चालू आहे. मी खांबाला हात लावून बघितला. भाविक माणसाला तिथे देव बदलल्यासारखा वाटत नाही.

हे शहर वसवलं ग्रीसमधल्या कॉरिंथच्या लोकांनी, परंपरेने इ.स.पू. ७३४ मध्ये. म्हणून पुढे ग्रीसमध्ये आम्ही मुद्दाम कॉरिंथला उतरलो. तिथे अपोलोच्या मंदिराचे सात खांब उभे आहेत, तसेच आखूड आणि दणकट. लेकीच्या घरून निघून माहेरी आल्यासारखं वाटलं. कॉरिंथला फार कुणी थांबत नाही, तुम्ही थांबा.

सिसिलीतल्याच पालेर्मोत राजा दुसरा रॉजर याचं कापेला पालातिना हे प्रार्थनागृह बघितल्याशिवाय येऊ नका. बाराव्या शतकातलं काम: राजा नॉर्मन, भिंतींवरची सोनेरी मोझॅक बायझेंटाइन पद्धतीची, आणि लाकडी छत अरबी घडणीचं. शाकाहारी लोकांची चिंता इथे मिटते. हरभऱ्याच्या पिठाच्या पातळ वड्या तळून पावात घालून देतात, नाव 'पानेल्ले'. वर लिंबू पिळा. वांग्यांची आंबटगोड कापोनाताही छान. 'अरांचिनी' घेताना मात्र विचारा, आत बहुधा मांस असतं.

संपाची तयारी ठेवा. इटलीत रेल्वेचा संप आधी जाहीर होतो, आणि कामाच्या दिवशी सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते नऊ या वेळात ठरावीक स्थानिक गाड्या सोडाव्याच लागतात. एकदा त्या सकाळच्या गाडीनेच आमचा दिवस वाचला. ग्रीक बेटांच्या बोटी जोराच्या वाऱ्यात बंदर सोडत नाहीत. आमची एक फेरी अशी रद्द झाली, तेव्हा परतीच्या विमानाआधी दोन दिवस मोकळे हवेतच.

बारीहून पात्रासला पुन्हा रात्रीची बोट, तिथून आधी बस आणि मग उपनगरी गाडीने अथेन्स. अ‍ॅक्रोपोलिसवर लिहिणारे पुष्कळ आहेत. एवढंच सांगते की तिकीट वेळेनुसार मिळतं, पहिली वेळ घ्या, आणि संगमरवर पायांनी झिजून गुळगुळीत झालाय, तेव्हा बुटांचे तळवे खरखरीत हवेत.

पास कुणी घ्यावा? ज्यांना तीन-चार देश जोडायचे आहेत आणि लांबच्या गाड्या, रात्रीच्या गाड्या घ्यायच्या आहेत त्यांनी. फक्त इटली बघायची असेल तर महिना-दोन महिने आधी सुटी तिकिटं काढणं स्वस्त पडतं. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेन या एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांच्या गटात आहे, त्यामुळे हा सगळा मार्ग एका व्हिसात होतो. १८० दिवसांत ९० ची मर्यादा लक्षात ठेवा आणि जिथे जास्त मुक्काम त्या देशाकडे अर्ज करा. एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर निवडा. जुलै-ऑगस्टच्या उन्हात दगडी गावं फिरवत नाहीत.

आमचा पुढचा बेत स्पेनचा आहे, व्हॅलेन्सियाहून ग्रनाडा आणि कोर्दोबा. तिथे लांब पल्ल्याच्या जवळजवळ प्रत्येक गाडीला आरक्षण लागतं, म्हणून या वेळी पास सात दिवसांचा घेणार आहोत, आणि ग्रनाडातल्या अलहांब्रा राजवाड्याची तिकिटं विमानाच्या तिकिटांच्या जोडीनेच काढणार आहोत.