फुटाळ्यावर दाखवला एक टेंट, घरी आला दुसराच

नागपुरात कुणी गाडीच्या टपावर बसणारा रूफटॉप टेंट घ्यायच्या विचारात असेल, तर ॲडव्हान्स पाठवण्याआधी हे वाचा. आमची ८४,००० रुपयांची फसवणूक झाली आहे. पैसे गेल्याचं दुःख आहेच. पण खरा संताप याचा, की खोटं वजन सांगून विकलेली ती वस्तू टपावर लादून, मागच्या सीटवर मुलं बसवून आम्ही चिखलदऱ्याच्या घाटात निघणार होतो.

आम्हाला भटकंतीची आवड आहे. नवेगावबांध, खिंडसी, चिखलदरा हे सगळं नागपूरहून गाडीने होतं. पण विदर्भात जमिनीवर तंबू टाकायचा म्हटलं की विंचू-सापाची धास्ती असते, मुलं लहान असली की जास्तच. रूफटॉप टेंट गाडीवरच्या आडव्या क्रॉसबारवर बोल्टने पक्का बसवतात. मुक्कामाला पोचलं की उलगडायचा, शिडी लावायची, आत गादी असतेच. कल्पना उत्तम आहे आणि चांगले टेंट बाजारात आहेत. म्हणूनच असल्या विक्रेत्यांना गिऱ्हाईक सापडतं.

जाहिरात इन्स्टाग्रामवर दिसली. चौकशी केल्यावर नागपूरचाच एक मध्यस्थ भेटला, तिशीतला, बोलायला अगदी मऊ. डेमोसाठी त्याने आम्हाला फुटाळा तलावाजवळ बोलावलं. एका गाडीवर टेंट लावलेला होता. मी स्वतः शिडीवरून वर गेले, आत आडवी पडले, कापड बोटांनी चाचपलं. जाड, हाताला सुती लागणारं, त्यात बारीक चौकड्यांची वीण. चेन सफाईने सरकत होती, तिच्या धावकावर वायकेके या नामांकित चेन कंपनीचं नाव कोरलेलं. आतून प्रत्येक शिवणीवर टेप चिकटवलेली. मी फोटो काढले, नवऱ्याने व्हिडिओ घेतला. आज आमच्या तक्रारीचा अर्धा जोर त्या फोटोंवर आहे.

मी वजन विचारलं. तो म्हणाला, "ताई, वजनाचं टेन्शनच घेऊ नका. गादी, शिडी सगळं धरून ५२ किलो. तुमच्या गाडीला आरामात चालतं."

मी वजन का विचारलं ते सांगते, कारण विकणारे नेमकं इथेच गोंधळ घालतात. गाडीच्या मॅन्युअलमध्ये टपावर किती भार चालेल ते दिलेलं असतं. आमच्या गाडीला ही मर्यादा ७५ किलो आहे, आणि त्यात क्रॉसबारचं वजनही धरायचं असतं. हा आकडा चालत्या गाडीसाठी असतो. ब्रेक, वळण, खड्डा, प्रत्येक वेळी टपावरचं वजन पुढे, बाजूला, वर ओढ घेतं, आणि गाडीचा गुरुत्वमध्य वर सरकल्याने ती वळणावर जास्त झुकते. उभ्या गाडीचं टप यापेक्षा कितीतरी जास्त भार पेलतं, शिवाय उघडलेल्या टेंटचा थोडा भार शिडीवरही जातो. म्हणून दोन मोठी माणसं आणि मुलं वर झोपू शकतात. "वर चार माणसं झोपतात, मग टेंटच्या वजनाचं काय एवढं?" असं कुणी म्हणालं, तर तो हे दोन वेगळे आकडे एकत्र कालवतो आहे. झोपण्याचा भार वेगळा, घेऊन धावण्याचा वेगळा.

भाव ८४,००० ठरला. ३०,००० आधी, ५४,००० माल निघण्याआधी. कोटेशनवर स्पष्ट लिहिलं होतं: रिपस्टॉप पॉलिकॉटन (म्हणजे चौकड्यांच्या विणीचं, कापूस आणि पॉलिएस्टर मिसळलेलं कापड), २८० जीएसएम (एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन), वजन ५२ किलो, माल भिवंडीच्या गोदामातून. पैसे मात्र यूपीआयने एका व्यक्तीच्या नावावर मागितले. कंपनीचं चालू खातं "ऑडिटमध्ये अडकलंय" असं कारण दिलं. एवढा मोठा व्यवहार करणारी कंपनी जेव्हा स्वतःच्या नावाचं खातं देत नाही, तेव्हा पुढचं काही ऐकायचं नाही, हे मी आता ओळखीच्या प्रत्येकाला सांगते.

माल वाडीच्या ट्रान्सपोर्ट गोदामात आला. भाडं 'टू पे', म्हणजे तेही आम्हीच भरायचं, हमाली वेगळी. मुनशी म्हणाला, "ताई, आधी सही मारा, मंग खोका उघडा." ट्रान्सपोर्टवाले खोक्याच्या आत काय आहे याची जबाबदारी घेत नाहीत, पाठवणाऱ्याने सांगितलेलं ते बिल्टीवर, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीवर, उतरवतात. सही करण्याआधी मी बिल्टी नीट वाचली आणि उभ्या जागी घाम फुटला. वजन ८२ किलो. माल निघाला दिल्लीहून, भिवंडीचं नावही नाही. पाठवणाऱ्याचं नाव आमच्या कोटेशनवरच्या नावापेक्षा वेगळं. आणि मालाची जाहीर किंमत १८,००० रुपये.

ही शेवटची ओळ नीट समजून घ्या. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात ५०,००० रुपयांवरचा माल पाठवायचा तर ई-वे बिल, म्हणजे जीएसटीचा ऑनलाइन वाहतूक परवाना, काढावं लागतं. किंमत १८,००० दाखवली की ते टळतं. आणि आमच्यासारखं कुणी पुढे भांडायला उठलं, तर कागदावर त्या मालाची किंमत १८,०००च उरते. मी डिलिव्हरीच्या पावतीवर सहीच्या वर लिहिलं, "खोका उघडून पाहिलेला नाही, वजन बिल्टीप्रमाणे ८२ किलो." मुनशी कुरकुरला, पण लिहू दिलं. बिल्टीचा फोटो तिथेच काढला.

मध्यस्थाला फोन केला तर म्हणाला, पॅकिंग जड असतं, लाकडी फ्रेम असते. घरी खोका उघडताना पूर्ण व्हिडिओ घेतला. लाकूड नव्हतंच, पुठ्ठा आणि थर्माकोल. ओळखीच्या किराणा ठोक व्यापाऱ्याच्या प्लॅटफॉर्म काट्यावर गादी-शिडीसकट टेंट ठेवला तर ७६ किलो भरला. क्रॉसबार ७ किलोचे. म्हणजे चालत्या गाडीची मर्यादा आत एक उशीही न ठेवता ओलांडली गेली होती.

मनीषनगरच्या आमच्या गॅरेजवाल्याने तो बसवायला साफ नकार दिला. "वहिनी, हे घेऊन घाटात नोका जाऊ. ब्रेक मारला का सारं वजन पुढं येते." त्याने सोबत आलेले बोल्ट हातात घेऊन दाखवले. साधे नट, ना नायलॉक (आत नायलॉनची कडी असलेले, सैल न होणारे नट), ना स्प्रिंग वॉशर. गाडीच्या थरथरीने साधे नट सैल होतात, म्हणून नायलॉक नट लावतात आणि बसवल्यावर पहिल्या ४०-५० किलोमीटरनंतर थांबून पुन्हा आवळतात. ७६ किलोची वस्तू हायवेवर टपावरून सुटली तर मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराचं काय होईल, याचा विचार विकणाऱ्याच्या मनाला शिवला नाही. त्या गॅरेजवाल्याचे उपकार मी विसरणार नाही.

मग कापड. डेमोचं कापड आणि हे कापड यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. हे पातळ, चकचकीत, हात फिरवला की सळसळणारं. टेंटसोबत दुरुस्तीसाठी एक ठिगळ आलं होतं, 'त्याच कापडाचं' असं पाकिटावर छापलेलं. ते घेऊन मी गांधीबागेत ताडपत्री शिवणाऱ्या एका काकांकडे गेले. त्यांनी त्यातून एक धागा ओढला आणि काडीपेटीची काडी लावली. सुती धागा कागदासारखा जळतो आणि त्याची राख होते. पॉलिकॉटनमध्ये थोडी राख आणि थोडी गाठ येते. हा धागा आकसला, वितळला आणि टोकाला काळा कडक मणी झाला. काका म्हणाले, "यात कापूस नावालाही नाही." मग ठिगळातून बरोबर १० सेंटिमीटर बाय १० सेंटिमीटरचा चौकोन कापून इतवारीतल्या ओळखीच्या सराफाच्या काट्यावर ठेवला. या मापाच्या तुकड्याचं ग्रॅममधलं वजन गुणिले १०० म्हणजे जीएसएम. २८० जीएसएमचा तुकडा २.८ ग्रॅम भरायला हवा. हा १.४ भरला. सांगितल्याच्या बरोबर अर्धा. सराफाने त्याच्या छापील चिठ्ठीवर वजन लिहून दिलं, तेही तक्रारीला जोडलं आहे.

पाण्याची परीक्षाही घेतली. पॉलिकॉटनचा नवा टेंट पहिल्या वापराआधी पूर्ण भिजवून सुकवायचा असतो. सुती धागे फुगतात आणि सुईची भोकं मिटतात. चांगला विक्रेता हे आधीच सांगतो. आमच्या कागदात याची एक ओळ नव्हती, आणि का नव्हती ते पाइप धरल्यावर कळलं. अंगणात लोखंडी पलंगावर टेंट उभा केला, सासऱ्यांनी वरून पाणी धरलं, मी आत टॉर्च घेऊन बसले. छताच्या मधल्या शिवणीतून थेंब ओळीने उतरले आणि थोड्याच वेळात गादीचा कोपरा ओला झाला. टॉर्च मारून सगळ्या शिवणी तपासल्या, कुठेच टेप नाही. धागा भोकात सैल. विदर्भातला जुलैचा पाऊस या छतात अर्धा तासही थांबला नसता.

सगळे फोटो आणि वजनाच्या चिठ्ठ्या विक्रेत्याला पाठवल्या. उत्तर आलं, "इम्पोर्टेड मालात वजनाचा फरक पडतो." मग, "डेमो पीस प्रीमियम मॉडेल होतं." प्रीमियम हा शब्द व्यवहारात पहिल्यांदा तेव्हाच आला. पैसे परत मागितल्यावर नंबर ब्लॉक. मध्यस्थ म्हणाला, "ताई, मी फक्त गिऱ्हाईक जोडून देतो, मालाशी माझा संबंध नाही." डेमो त्याने दिला, वजन त्याने सांगितलं, ॲडव्हान्ससाठी रोज फोन त्यानेच केले.

बिलावरचा जीएसटी क्रमांकही तपासला. हे काम कुणीही फुकटात दोन मिनिटांत करू शकतो. क्रमांकाचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात: महाराष्ट्र २७, दिल्ली ०७. 'भिवंडीच्या' कंपनीचा क्रमांक ०७ने सुरू होत होता. जीएसटीच्या संकेतस्थळावर करदाता शोधला तर नोंदणी रद्द झालेली निघाली. शिवाय टेंट आणि कॅम्पिंगचा माल एचएसएन (जीएसटीत मालाचा प्रकार दाखवणारा कोड) ६३०६ खाली येतो, बिलावर प्लास्टिकच्या वस्तूंचा कोड होता. तुम्हाला बिल हातात यायची वाट पाहायची गरज नाही. कोटेशनसोबतच जीएसटी क्रमांक मागा. द्यायला टाळाटाळ झाली तर तिथेच थांबा.

एक खूण जाहिरातीतही होती, ती इथे सांगायलाच हवी. त्यांच्या एका फोटोखाली लिहिलं होतं, "ताडोबाच्या कोअरमध्ये आमच्या ग्राहकाचा मुक्काम." व्याघ्र प्रकल्पाच्या कोअरमध्ये सफारीला गाडीतून खाली उतरायलाही मनाई असते, तिथे स्वतःची गाडी उभी करून रात्र काढणं अशक्य. राहायची सोय असते ती बाहेर, मोहर्लीसारख्या गेटच्या आसपास. आपल्या भागातल्या माणसाला असा फोटो दिसला तर तो खोटा आहे हे ओळखता येतं, आणि जो फोटोत खोटं बोलतो तो वजनातही बोलतो.

आता पुढचं. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, विक्रेत्याकडून काहीच उत्तर आलं नाही. रजिस्टर पोस्टाने पाठवलेली नोटीस पत्ता सापडत नसल्याच्या शेऱ्यासह परत आली. ते परत आलेलं पाकीट आम्ही न उघडता जपून ठेवलं आहे. १९३० हा सायबर फसवणुकीचा नंबर आहे. पैसे गेल्या गेल्या काही तासांत त्यावर फोन केला तर समोरच्या खात्यातली रक्कम गोठवली जाण्याची शक्यता असते. आमच्यासारखी फसवणूक माल आल्यावर कळते, तोवर खातं रिकामं झालेलं असतं. तरीही तक्रार द्या, त्या खात्यावर दुसऱ्याही कुणाची तक्रार असू शकते.

मुख्य लढाई जिल्हा ग्राहक आयोगात आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण जिथे राहतो तिथेच तक्रार करता येते, दिल्लीला जावं लागत नाही. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, मुदत २ वर्षांची, आणि ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते. आम्ही मध्यस्थाला दुसरा विरुद्ध पक्ष केलं आहे. कारण मालाचा दर्जा खोटा सांगणं ही कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि ती त्याने आमच्या कॅमेऱ्यासमोर केली. त्याला नोटीस मिळाली त्या संध्याकाळी तो मिठाईचा डबा घेऊन घरी आला, १५,००० देतो, तक्रार मागे घ्या म्हणाला. सासूबाईंनी डबा परत दिला. पुढची तारीख मिळाली आहे. टेंट पॅकिंगसकट शेडमध्ये ठेवला आहे, पुरावा म्हणून आयोगाला दाखवता यावा यासाठी विकलेला किंवा दुरुस्त केलेला नाही.

फुटाळ्यावर असाच डेमो घेऊन कुणाकडे पातळ कापडाचा टेंट आला असेल, तर आधी बिल्टी शोधा, फेकली असेल तर ट्रान्सपोर्टकडून तिची नक्कल मागा. पाठवणाऱ्याचं नाव, जाहीर किंमत आणि निघालेलं शहर बघा. कायद्याच्या कलम ३५ नुसार एकाच प्रकारे फसलेले ग्राहक आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करू शकतात. तुमची बिल्टी दिल्लीहून, कमी किंमत दाखवून आलेली निघाली, तर पुढच्या तारखेला सिव्हिल लाइन्सच्या आयोगात आमच्यासोबत या.