मरणाला टेकलेला हॅमर कोरल आणि केएच चेकर: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

हॅना कंपनीचा एचआय ७७२ हा अल्कलिनिटी (केएच), म्हणजे मुख्यतः पाण्यातल्या बायकार्बोनेटचं प्रमाण, मोजणारा छोटा डिजिटल चेकर गेल्या हिवाळ्यापासून माझ्याकडे जवळजवळ रोज वापरात आहे. त्याच्याबद्दल लिहायचं तर आमच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतल्या हॅमर कोरल या दगडी प्रवाळाबद्दलही लिहावं लागेल, कारण चेकर घेतला तो त्याच्यासाठीच. इथे ह्यूस्टनमध्ये ओळखीच्या एका गृहस्थांनी टाकी मोडली आणि फांद्यांनी वाढणारा हा हॅमर माझ्याकडे आला. पॉलिप (प्रवाळाचे तोंड आणि शुंडकं असलेले छोटे जीव) फुलत नव्हते, मांस कडेपासून आत सरकलं होतं, सांगाड्याचे पांढरे धारदार पडदे उघडे पडले होते आणि एका डोक्यावर, म्हणजे फांदीच्या टोकाच्या पॉलिपवर, तपकिरी बुळबुळीत थर चढला होता.

हा तपकिरी थर दिसला की वाट पाहू नये. ते डोकं मी लगेच कापून टाकलं आणि उरलेल्या कोरलला वेगळ्या भांड्यात आयोडीनची आंघोळ घातली. फांद्यांच्या हॅमरमध्ये डोकी सुटी असतात म्हणून हे जमतं. भिंतीसारखा सलग वाढणारा हॅमर असेल तर मांस एकसंध असतं आणि रोग एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला पसरत जातो.

त्यानंतर सल्ल्यांचा पाऊस पडला. अमिनो आम्लं घाल, जिवाणूंची बाटली घाल, जीवनसत्त्वं घाल. यातलं काहीच घालण्याआधी मला पाणी रोज कसं वागतं ते पाहायचं होतं. हॅमर आपला सांगाडा पाण्यातल्या कॅल्शियम आणि बायकार्बोनेटपासून बांधतो. समुद्रात अल्कलिनिटी सुमारे ७ डीकेएच (हे तिचं एकक) असते, घरच्या टाकीत ८ ते ९ ठेवणारे बरेच जण आहेत, आणि दोन्ही चालतं. आजारी कोरलला सोसत नाही तो चढउतार.

इथे हा चेकर खरोखर उपयोगी पडला. नळीत टाकीचं १० मिली पाणी घ्यायचं, शून्य करायचं, सिरिंजने १ मिली द्रावण घालायचं, हलकेच उलटसुलट करायचं आणि आकडा वाचायचा. थेंब मोजत रंग नेमका कधी बदलला हे संध्याकाळच्या दिव्यात ठरवत बसावं लागत नाही, आणि म्हणून रोज मोजायचा कंटाळा येत नाही. माझ्या मते त्याची खरी किंमत यातच आहे.

अचूकतेबद्दल मात्र डोळे उघडे ठेवा. कंपनीच सांगते की फरक ±०.३ डीकेएच अधिक वाचनाच्या ५ टक्के इतका पडू शकतो. म्हणजे ८ च्या आसपास जवळजवळ ०.७. त्यामुळे खरा आकडा ८.० की ८.४ यावर मी डोकं फोडत नाही. तीच नळी, तीच वेळ, आणि परवा, काल, आज असा कल बघायचा. काचेवर बोटाचा ठसा किंवा आत बुडबुडा राहिला तर आकडा फसवतो, म्हणून नळी मऊ कापडाने पुसूनच आत ठेवायची.

काही आठवड्यांच्या नोंदींतून चित्र स्पष्ट झालं. रोज थोडी अल्कलिनिटी खर्च होत होती आणि पाणी बदललं की एकदम वर उडी. टाकीसाठी समुद्री पाणी बनवायचं माझं मीठ विरघळल्यावर ११ डीकेएच देतं. टाकी ८ वर असताना २० टक्के पाणी बदललं तर ०.६ ची उडी बसते, अर्धं बदललं तर दीडची! मग पाणी थोडं थोडं बदलायला लागले आणि रोजची तूट डोसिंग पंपाने (ठरलेली मात्रा आपोआप टाकणाऱ्या पंपाने) रात्री भरायला लागले. हिशेब सोपा आहे: १०० लिटर पाण्यात साधारण ३ ग्रॅम खाण्याचा सोडा घातला की १ डीकेएच वाढते. एका दिवसात त्याहून जास्त वाढवू नये. २.८ डीकेएच खर्ची पडली की त्यासोबत जेमतेम २० पीपीएम (दशलक्ष भागांत २० भाग) कॅल्शियम जातं, म्हणून कॅल्शियम अधूनमधून मोजलं तरी पुरतं. डोसिंग पंप कोणत्या कंपनीचा ते सांगत नाही, पण त्याची नळी सैल पडून मात्रा घसरत गेली होती आणि ते चेकरच्या नोंदींवरूनच कळलं.

श्रेय एकट्या यंत्राला देणं बरोबर नाही. फिकट पडलेल्या कोरलमध्ये प्रकाशातून अन्न बनवणारं शैवाल कमी उरलेलं असतं, म्हणून भाड्याने आणलेल्या पार मीटरने (शैवालाला उपयोगी पडणारा प्रकाश मोजणाऱ्या यंत्राने) मोजून प्रकाश आधी ७० च्या आसपास उतरवला आणि सावकाश १२० पर्यंत नेला. प्रवाह थेट अंगावर नको, मांस नुसतं डोलेल इतकाच. नायट्रेट शून्यावर येऊ दिलं नाही, कारण अगदी ‘स्वच्छ’ पाण्यात हॅमर उपाशी राहतो. पॉलिप अन्न धरू लागल्यावर मायसिसचे (कोळंबीसारख्या छोट्या जीवाचे) बारीक तुकडे द्यायला सुरुवात केली.

आधी मांस सरकायचं थांबलं. बराच काळ तेवढंच, आणि तेवढ्यानेही मला किती बरं वाटलं! मग पॉलिप दुपारी फुलायला लागले, कडेला नव्या सांगाड्याची पांढरी रेघ आली, आणि आता एका डोक्यात दोन तोंडं दिसतात, म्हणजे ते दुभंगतंय. उघड्या पडलेल्या जुन्या सांगाड्यावर मांस परत चढलेलं नाही. तिथे शैवाल बसलंय, ते ब्रशने काढते.

चेकरचा वरखर्च आहे. द्रावणाची बाटली साधारण २५ चाचण्यांना पुरते, म्हणजे रोज मोजलं तर महिनाही जात नाही. पाणी स्थिरावल्यावर मी आठवड्यातून दोनदाच मोजते. टाकीत फक्त मासे आणि मऊ कोरल असतील तर हा खर्च करू नका, थेंबांची चाचणी पुरे.

भारतातल्या वाचकांना एक कळकळीची विनंती. दगडी सांगाड्याचे सगळे प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्याच रांगेत. कोणी पुण्या-मुंबईत हॅमर विकायला आणला तर घेऊ नका. प्रवाळ पाहायचे तर मालवणच्या सागरी अभयारण्यात, हात न लावता. आणि परदेशात टाकी असेल तर विकत घेण्याआधी दुकानदाराला विचारा की हा तुकडा समुद्रातून काढलाय की टाकीत वाढवलाय. टाकीत वाढवलेलाच घ्या. माझ्या हॅमरची नवी डोकी वाढली की तीही मी अशीच वाटणार आहे.