रोचेस्टर, डोव्हर की बॉडियम: लंडनहून एकच किल्ला बघायचा असेल तर

तिन्ही किल्ले इंग्लंडच्या आग्नेय टोकाला आहेत, आणि लंडनहून कुठल्याही एकाला सकाळी जाऊन संध्याकाळी परतता येतं. किल्ला बांधला कसा आणि पाडला कसा, हे समजून घ्यायचं असेल तर रोचेस्टर निवडा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

रोचेस्टरचा बालेकिल्ला कँटरबरीचा आर्चबिशप विल्यम द कॉर्बेल याने ११२७ च्या सुमारास बांधायला घेतला. कोपऱ्यांवरच्या मनोऱ्यांसकट त्याची उंची सुमारे ३८ मीटर भरते. आज आत छप्पर नाही, लाकडी मजलेही नाहीत, आणि अभ्यासाला नेमकं तेच सोयीचं आहे. तुळया बसवायच्या खाचा भिंतीत ओळीने दिसतात, त्यावरून मजले मोजता येतात. मधोमध एक आडवी भिंत आहे. विहिरीचा नळ तिच्या पोटातून थेट वर जातो आणि त्याला मजल्यामजल्यावर तोंड आहे, म्हणजे वेढ्यात पाणी शेंदायला तळघरात उतरायला नको.

१२१५ मध्ये राजा जॉनने इथे वेढा घातला. त्याच्या माणसांनी दक्षिण कोपऱ्याखाली भुयार खणलं, वरचा भार लाकडी टेकूंवर तोलला आणि ते टेकू पेटवायला ४० लठ्ठ डुकरं मागवली. चरबीने टेकू जळाले, कोपरा ढासळला. आतले लोक आडव्या भिंतीमागे सरकून लढत राहिले आणि अखेर उपासमारीने शरण आले. बाहेरून फेरी मारा: तीन कोपरे चौकोनी आहेत, नंतर बांधून काढलेला चौथा गोल. चौकोनी कोपऱ्याचे दगड खालून उकरून निखळवता येतात, शिवाय त्याच्या टोकाशी दबा धरलेल्या माणसावर वरून नीट मारा करता येत नाही. गोल बुरुजाला ही दोन्ही दुखणी कमी.

डुकरं पाठवण्याचा हुकूम ज्याला गेला, तोच ह्यूबर्ट द बर्ग पुढच्या वर्षी फ्रान्सच्या राजपुत्र लुईविरुद्ध डोव्हर लढवत होता. तिथेही उत्तर दरवाजाचा एक बुरूज भुयार खणून पाडला गेला, पण किल्ला पडला नाही. नंतर तो दरवाजा कायमचा बुजवला आणि पश्चिमेला कॉन्स्टेबल्स गेट उभा राहिला. दुसऱ्या हेन्रीने ११८० च्या दशकात बांधलेल्या इथल्या बालेकिल्ल्याच्या भिंती काही ठिकाणी ६.४ मीटर जाड आहेत. त्यांच्या आतच खोल्या काढल्या आहेत. भोवती एकात एक अशी दुहेरी तटबंदी. दालनं त्या काळच्या भडक रंगांत सजवलेली असल्यामुळे मुलांनाही रमायला होतं. शिवाय रोमन दीपगृह आहे, आणि १९४० मध्ये फ्रान्समधल्या डंकर्कला अडकलेल्या सैन्याच्या सुटकेची सूत्रं जिथून हलवली ती भुयारंही. डोव्हरला अख्खा दिवस द्या. स्टेशनपासून चढही दमवणारा आहे.

बॉडियम तिघांत सर्वांत देखणा. सर एडवर्ड डॅलिंगरिजला तटबंदीची परवानगी १३८५ मध्ये मिळाली. रुंद खंदकाच्या मधोमध चौकोनी किल्ला, कोपऱ्यांना गोल बुरूज, बालेकिल्ला नाहीच. पण खंदक उथळ आहे आणि बांध फोडला तर रिता होतो, म्हणून हा लढाईसाठी की मिरवण्यासाठी, यावर अभ्यासकांत वाद आहे. आतला बराच भाग पडका असल्याने दोन तास पुरतात. भारतात १९०४ चा प्राचीन स्मारक संरक्षण कायदा आणणाऱ्या लॉर्ड कर्झनने १९१६ मध्ये हा किल्ला विकत घेऊन डागडुजी केली.

गाडी नसेल तर बॉडियम सोडा: जवळचं मुख्य मार्गावरचं स्टेशन रॉबर्ट्सब्रिज काही मैलांवर आहे. रोचेस्टरला लंडनच्या सेंट पँक्रास स्टेशनहून जलद गाडीने पाऊण तासाच्या आत पोचता येतं आणि किल्ला स्टेशनपासून चालत गाठता येतो. वर जायला अरुंद चक्री जिना आहे आणि माथ्यावर वारा झोंबतो. पकड असलेले बूट घाला. किल्ले सांभाळणाऱ्या एखाद्या संस्थेचं सदस्यत्व घेणार असाल तर ध्यानात ठेवा, डोव्हर इंग्लिश हेरिटेजकडे आहे आणि बॉडियम नॅशनल ट्रस्टकडे. एकाचं कार्ड दुसरीकडे चालत नाही.